तिसऱ्या भांड्याचा बर्नर

सोलापूर,
१५ नोव्हेंबर १९७६

प्रिय एस्तेर,

चार वर्षांनी पत्र लिहितेय, तेही कामासाठी, म्हणून आधीच कान धरते. नाताळचं कार्ड दर वर्षी तुझंच येतं आणि उत्तर द्यायचं माझ्याकडून राहून जातं. कॉन्व्हेंटमध्येही गृहपाठ तूच वेळेवर द्यायचीस.

मला गॅसचे बर्नर निवडायचे आहेत. हसू नकोस. स्वयंपाकघरातले नाहीत, तीनशे लिटरच्या स्टीलच्या भांड्यांखाली लावायचे.

आमचे हे, चन्नवीर, कंपालाच्या ब्रुअरीत सोळा वर्षं केमिस्ट होते हे तुला ठाऊक आहे. बहात्तर साली तिथल्या सरकारने आपल्या लोकांना हाकललं आणि सगळं सोडून निघालो, तेव्हा त्यांनी बरोबर घेतलं काय, तर एक थर्मामीटर आणि एक वही. इथे अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत, माझ्या धाकट्या दिरांची मागांची शेड रिकामी होती. तिथे बिअरची छोटी ब्रुअरी काढायची, निम्मं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, बार्लीचं आणि निम्मं आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचं, असं त्यांनी ठरवलं. परवाना मिळायला तीन वर्षं गेली. अखेर मिळाला, आणि श्रावणात यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात उठत नाही. तोंडातून दोनच शब्द येतात, "हो" आणि "ना". डोकं मात्र लख्ख आहे. मी वही वाचते, ते डोळ्यांनी पान उलटायला सांगतात.

परवान्याची मुदत फेब्रुवारीअखेरपर्यंत आहे. तोवर अबकारी खात्याच्या साहेबांसमोर पहिला घाणा उकळून दाखवायचा. नाही दाखवला तर परवाना रद्द. मग शरणप्पा, म्हणजे माझे दीर, शेडमध्ये पुन्हा माग बसवणार. परवा अंगणात उभं राहूनच म्हणाले, "वैनी, आपल्या घराण्यात कुणी दारूला शिवलं न्हाय, आन् तुमी तर कारखानाच काढायलाय की! फेब्रुवारीपतोर बघतो. मग माझी शेड, माझं माग." मी म्हटलं, बरं. आत जाऊन मात्र वही उघडली.

भांडी तीन. पहिल्यात नुसतं पाणी तापवायचं. दुसऱ्यात दळलेलं माल्ट गरम पाण्यात मुरवायचं, लापशीसारखं. तिसऱ्यात त्याचं गाळलेलं गोड पाणी हॉप्सची कडवट फुलं घालून दीड तास खळखळ उकळायचं. कंपालाला हे सगळं वाफेवर चाले. इथे बॉयलर परवडणार नाही, म्हणून गॅस. विक्रेते येऊन गेले. एकाचा बर्नर हलवायांच्या भट्टीसारखा, मधोमध एकच मोठा झोत, पेटला की आगगाडीसारखा घोंघावतो. दुसऱ्याचा कड्यांचा, एकात एक तीन बिडाची कडी आणि बारीक बारीक भोकं. दोघेही म्हणतात आमचाच घ्या.

तू तीस वर्षं मुलींना सायन्स शिकवलंस. मलाही हा एक धडा शिकव. ब्रुअरी मी सुरू करणार आहे, एवढं ठरलेलं आहे.

तुझी,
नीलांबिका (नीलूच)


पुणे,
२२ नोव्हेंबर १९७६

प्रिय नीलू,

चन्नवीरांचं वाचून फार वाईट वाटलं. तू कळवलं नव्हतंस. रागावत नाही, नोंद करून ठेवते.

तुझं पत्र घेऊन भोसरीला बर्नर करणाऱ्या एका ओळखीच्या कारखान्यात जाऊन आले. आता धडा घे.

तीनशे लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला साडेबावीस हजार कॅलरी लागतात, मोठ्या कॅलरी. गॅसची निम्मी उष्णता भांड्याच्या कडेने निघून जाते असं धर. म्हणजे एका भांड्याला चार किलो गॅस, आणि पुढे उकळत ठेवायला आणखी. हे दोन तासांत करायचं तर एका सिलिंडरला तेवढा गॅस सोडणं झेपत नाही. तो गार पडतो, बाहेरून त्याला दव सुटतं आणि ज्योत खाली बसते. तेव्हा सिलिंडर जोडीने लाव.

बर्नर कड्यांचेच घे, तिन्ही भांड्यांना. एका झोताचा बर्नर भांड्याच्या बुडाला एकाच जागी भाजतो. नुसत्या पाण्याला त्याचं काही वाटत नाही, पण ज्यात साखर आहे किंवा पीठ आहे ते तिथे धरतं. बासुंदी करताना बूड लागतं तसं. बर्नर आणि बूड यांच्यात चार बोटं अंतर ठेव. ज्योत निळी हवी. पिवळी झाली तर तिला हवा पुरत नाही असं समज. आठवतं ना, लॅबमध्ये तू बन्सन बर्नरचं हवेचं भोक मुद्दाम बंद करायचीस, नळीला काजळी धरायची आणि सिस्टर माझ्याकडे बघायच्या? त्या काळ्या नळ्या राखेने घासल्या मी. अजून वास आठवतो. खिडकीतून चिंचेची पानं आत गळायची आणि तू ती वहीत ठेवायचीस.

भांड्यांची बाहेरून मापं पाठव, म्हणजे कड्यांचा व्यास सांगते. चन्नवीरांना माझा नमस्कार.

तुझी,
एस्तेर


सोलापूर,
६ डिसेंबर १९७६

प्रिय एस्तेर,

मापं वेगळ्या कागदावर. सिलिंडर जोडीने लावायला गॅसवाले तयार झाले. तुझा कागद दाखवला तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली.

पहिल्या दोन भांड्यांना कड्यांचे बर्नर सांगितले. तिसऱ्याला मात्र झोताचाच घेते. कारण ऐक. साहेब अकराला येणार आणि पाचला जाणार. तेवढ्यात पाणी, मुरवण, गाळण आणि दीड तासाची उकळी, सगळं बसलं पाहिजे. विक्रेत्याने माझ्यासमोर दोन्ही पेटवून दाखवले, झोताचा निम्म्या वेळात उकळी आणतो. यांना विचारलं तर "ना" म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा "ना". पण हल्ली ते भाकरीलाही "ना" म्हणतात, औषधालाही. किती मनावर घ्यायचं?

दुसरं एक विचारते. तुझ्या चार पानांत "भांडी" आलं, "पाणी" आलं, बासुंदीही आली. "बिअर" हा शब्द एकदाही आला नाही. मी पत्र टाकून आले आणि घरी आल्यावर मला सॅम्युएलभावजींची आठवण झाली. आधी व्हायला हवी होती. माझं चुकलं का गं?

नीलू


पुणे,
१३ डिसेंबर १९७६

प्रिय नीलू,

हो, चुकलं. पण विचारलंस हे बरं केलंस.

सॅम्युएल गेले तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. ते बिअर पीत नव्हते, हातभट्टीची पीत होते, आणि तुझी बिअर म्हणजे ती नव्हे, हे मला केमिस्ट्रीच्या दृष्टीने नीट कळतं. तरी तुझं पत्र तीन दिवस बायबलखाली ठेवलं होतं. चौथ्या दिवशी मनाशी म्हटलं, नीलूने बर्नरचं विचारलंय, बर्नरचं सांगावं. मी सांगितलं. आशीर्वाद मागू नकोस, तेवढा माझ्याकडे नाही. हिशेब आहे, तो लागेल तेवढा घे.

तिसऱ्या भांड्याचं मला पटलेलं नाही. चन्नवीरांनाही पटलेलं नाही असं दिसतं. माणसाकडे दोनच शब्द उरले असतील तर तो ते उगाच खर्च करील का? पण भांडी तुझी आहेत.

कड्यांचा व्यास मागच्या बाजूला लिहिला आहे. पेटवून पाहिलंस की कळव.

एस्तेर


सोलापूर,
२४ जानेवारी १९७७

प्रिय एस्तेर,

तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि तुझ्या हिशेबावरच चालले आहे.

बर्नर आले, बसले. तारीखही ठरली, २६ फेब्रुवारी, शनिवार. म्हणून काल तिन्ही भांड्यांत नुसतं पाणी घालून चाचणी घेतली.

आधी माणसं सांगते. महिपती म्हणून शरणप्पांकडचे जुने जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, आहेत. मागांवर तीस वर्षं काढली, आता माग नाहीत म्हणून आमच्याकडे आले. आणि केराबाई, भांडी घासते, कामाला वाघीण. महिपती शेडला देवघरासारखं जपतात. सकाळी सहाला येऊन झाडतात, खिडक्या लावतात, खालच्या झरोक्यांना ओली पोती बांधतात. आत शिरलं की कसं गार वाटतं! लहानपणी बाबांबरोबर मिलमध्ये जायचे तेव्हा असंच वाटायचं. ओल्या सुताचा तो वास आला की मी आठ वर्षांची होते.

तर चाचणी. पहिला अर्धा तास ज्योत निळी, सुरेख. मग हळूहळू पिवळी. तासाभरात तिन्ही भांड्यांची बुडं काजळीने काळी. उकळी येता येईना. महिपती म्हणाले, "बाईसाहेब, ह्यो गॅसच भेसळीचा हाय बघा." विक्रेता म्हणतो भोकं मोठी पडली असतील. आम्ही चाचणी मधेच थांबवली. शरणप्पा येऊन बुडावरून बोट फिरवून गेले.

बर्नर बदलावेत का? महिना उरलाय. लगेच कळव.

नीलू


तार
पुणे, २७ जानेवारी १९७७
नीलांबिका बिराजदार, सोलापूर

बर्नर पेटवू नका. पोती काढा. खिडक्या उघडा. पत्र येत आहे. एस्तेर


पुणे,
२७ जानेवारी १९७७

नीलू,

तार मिळाली असेल. तुझ्या बर्नरमध्ये काही दोष नाही, आणि गॅसमध्येही नाही.

तुमची शेड सुतासाठी बांधलेली आहे. कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून सोलापुरात मागाच्या शेडला वारा लागू देत नाहीत, पोती भिजवून झरोके बंद करतात. महिपतींनी तीस वर्षं तेच केलं आणि चाचणीच्या दिवशीही मायेने तेच केलं. तुला त्यात वावगं दिसलं नाही, कारण तूही त्याच गारव्यात वाढलीस. पत्र वाचताना माझ्याही लक्षात आलं नसतं. "कसं गार वाटतं" हे वाचून मलाही बरंच वाटलं होतं. पुढे ज्योत पिवळी झाली तिथे पोचले आणि पुन्हा मागे गेले.

सुताला जे हवं, तेच ज्योतीला घातक. बंद खोलीतली हवा तीन बर्नरांनी अर्ध्या तासात संपवली. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो, आणि त्यातून जो वायू सुटतो त्याला ना रंग, ना वास. माणूस बसल्या जागी झोपी जातो आणि उठत नाही. शिवाय न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. त्याला बाहेर जायला वाट खालूनच हवी, आणि तीच तुम्ही बांधून टाकलीत. भिंतीत कुठे आणि केवढं फोडायचं, सिलिंडर कुठे ठेवायचे, ते सोबतच्या कागदावर काढलं आहे.

आता मला खरं सांग. चाचणी मधेच थांबवली असं लिहिलंस. उकळी येत नाही म्हणून कुणी तासाभराने काम थांबवत नाही, तू तर नाहीच. आत कोण होतं? कुणाला काय झालं?

एस्तेर


सोलापूर,
२ फेब्रुवारी १९७७

प्रिय एस्तेर,

केराबाई पडली. "बाई, डोसकं गरगरतंय," म्हणाली आणि भांड्याला धरून खाली बसली ती आडवीच झाली. तिला उचलून बाहेर आणलं, अंगणात तिला जाग आली, उलटी झाली. हेही आत होते, खुर्चीवर. यांना आणायला गेले तर ओठ निळसर दिसले. मी तुला लिहिलं नाही. वाटलं, तू म्हणशील बंद कर. शरणप्पांनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना सांगितलं की उन्हाने झालं. जानेवारीत ऊन, एस्तेर! त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

तुझी तार आली तेव्हा पोस्टमनसमोरच रडले. मग तोंड धुतलं आणि शेडवर गेले. महिपतींना तार वाचून दाखवली. त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक पोतं सोडलं. शेवटचं सोडून झाल्यावर म्हणाले, "मी बाईचा जीव घेतला असता की ओ." मी म्हटलं, तुम्ही पोती बांधलीत, मी गप्प बसले. जास्त चूक कुणाची? केराबाई मागे उभी होती. म्हणाली, "दोगांची बी. आता वाद घालू नगा, भित्ताडं फोडा."

आणि भिंत फोडली. तू सांगितलंस तशी, जमिनीलगत प्रत्येक बाजूला हातभर रुंद भगदाडं, वर धुराला उंच झडपा, सिलिंडर भिंतीबाहेर सावलीत. शरणप्पांना विचारलं नाही. तिसऱ्या भगदाडाला ते आले.

"वैनी, माझी भित्त फोडलाव?"

"फोडली. आत माणसं गुदमरत होती."

"आन् उद्या माग बसवायचं म्हटलं तर? वारं शिरल्यावर सूत ऱ्हातंय व्हय?"

"माग बसले तर मी स्वतः बुजवून देईन. पण बसणार नाहीत."

मग मी त्यांना केराबाईचं आणि यांचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ते भावाजवळ जाऊन उभे राहिले. जाताना गवंड्याला म्हणाले, "कडा नीट कर रं, वीट सुटंल."

काल पुन्हा चाचणी घेतली. दारं उघडी, मी आत, बाकी सगळे बाहेर. तीन तास तिन्ही ज्योती निळ्या. माझं डोकं दुखलं नाही, शपथेवर सांगते. तुझ्यापासून आता काहीही लपवणार नाही.

नीलू


सोलापूर,
२७ फेब्रुवारी १९७७

प्रिय एस्तेर,

काल झालं.

साहेब अकराला आले. सज्जन माणूस, सगळ्या भगदाडांत वाकून पाहिलं. पाणी तापलं, माल्ट मुरलं. शेडभर ज्वारीच्या गरम भाकरीसारखा वास सुटला. शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यातले कामगार सायकली थांबवून फाटकात उभे राहिले. गाळायला ठरल्यापेक्षा पाऊण तास जास्त लागला. तिसरं भांडं भरलं तेव्हा अडीच वाजून गेले होते. मी झोत पूर्ण सोडला. तो घोंघावायला लागला तसं मला हायसं वाटलं, खरं सांगते. उकळी आली, हॉप्स पडले, पाचला दहा मिनिटं असताना दीड तास भरला. साहेबांनी नमुना बाटलीत घेतला, लाखेची मोहोर केली, कागदावर सही केली. परवाना कायम झाला. शरणप्पांनी तो कागद उभ्याने दोनदा वाचला आणि मला परत दिला. "माग मैंदर्गीला लावतो," एवढंच म्हणाले.

साहेब गेल्यावर मी चमचाभर रस गार करून यांना दिला. यांनी तो जिभेवर फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "ना."

मी म्हटलं, थकलात. "ना." गोड कमी पडलं का? "ना." मग त्यांनी डाव्या हाताने तिसऱ्या भांड्याकडे दाखवलं. मी स्वतः चाखलं. सुरुवातीला काही कळलं नाही. घोट उतरल्यावर मागे कळलं, करपलेल्या दुधासारखं. महिपतींनी लांब उलथन्याने बूड चाचपलं. बुडाला मधोमध, बरोबर झोताच्या डोक्यावर, रुपयाएवढा डाग धरला होता, उलथन्याला काळे कण आले.

झोताचा विक्रेताही बघायला आला होता, तो अजून तिथेच होता. म्हणाला, "बाई, कुणाला कळतंय? आंबवल्यावर वास जातो. साहेबांनी पास केलंय की." शरणप्पा दारात होते, तेही म्हणाले, "वैनी, पयलाच घाणा हाय, ऱ्हाऊ द्या."

तीनशे लिटर, एस्तेर. मंगळवेढ्याहून स्वतः निवडून आणलेली ज्वारी. सहा महिने. मी यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. या वेळी एकदाच विचारलं, "ओतून देऊ?"

"हो."

मी खालची तोटी उघडली. सगळं नाल्यात गेलं. केराबाईने पदर तोंडाला लावला. मी रडले नाही. भांडं घासायला मीच बसले, डाग निघेपर्यंत.

तुझं ऐकायला हवं होतं, आणि यांचं. तिसऱ्या भांड्यालाही कड्यांचा बर्नर सांग, त्याच मापाचा. वेळ लागला तर लागू दे, आता मला कुणाला पाचच्या आत काही दाखवायचं नाही.

नीलू


पुणे,
३ मार्च १९७७

प्रिय नीलू,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आज सकाळी भोसरीला जाऊन आले. बर्नर तयारच होता, तीन कडी, बिडाचा, अकरा किलो. रिक्षावाल्याने विचारलं, "आजी, हे काय?" मी म्हटलं, मैत्रिणीची शेगडी.

काल रात्री मला झोप आली नाही. सॅम्युएलना ज्यांनी पाजली त्यांचा मी पंधरा वर्षं विचार करत आले आहे. त्यांच्या भट्टीत काय काय पडत असेल, किती वेळा करपत असेल. त्यांच्यातल्या एकाने तरी चव घेऊन, हे माणसाला देण्यासारखं नाही म्हणून, एक तांब्या तरी ओतून दिला असेल का? नसेल. तू तीनशे लिटर ओतलंस, सरकारने पास केल्यावर ओतलंस. तेव्हा माझ्याकडे नव्हता म्हणाले होते तो आशीर्वाद आता आहे. तो पोस्टाने पाठवायचा नाही, आणि बर्नरही रेल्वे पार्सलने पाठवायचा नाही. हमाल आपटतात.

मंगळवारी सकाळच्या गाडीने निघते. स्टेशनवर महिपतींना पाठव, जड आहे. मापाची एक पट्टी आणि पाना काढून ठेव, चार बोटं अंतर मी स्वतः मोजणार आहे. चन्नवीरांना सांग, एस्तेर प्यायची नाही, पण चव घेऊन ते "हो" म्हणेपर्यंत परत जायची नाही.

तुझी,
एस्तेर